गारच पाज

अमृतला सांगलीजवळच्या माधवनगरात नोकरी लागली आणि सिद्धूनं उरलीसुरली मेंढरं फलटणच्या बाजारात विकली, ते साल दोन हजार तेवीस. सिद्धू धनगर मूळचा माण तालुक्यातला, अमृत त्याचा थोरला. पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणं आता बास, असं पोरानं सांगितलं. सिद्धूनं चार दिवस तोंड फिरवून घेतलं, मग काठी कोपऱ्यात उभी केली. त्याची बायको तानुबाई मात्र एका शब्दानं आडवी आली नाही. माधवनगरचं नाव निघाल्यावर तिच्या डोळ्यांपुढं कृष्णाकाठचं एक गाव आलं होतं. माधवनगरातून वडापच्या जीपनं तिथं सहज जाता येत होतं. त्या गावात एक बाई राहत होती, आणि तानुबाईला ती जिवंत हवी होती.

त्या बाईचं नाव मनुबाई. गावात सगळ्यात मोठा ऊस हंबीररावांचा, आणि मनुबाई त्यांची बायको.

पंचवीसेक वर्षांमागची गोष्ट. कार्तिकाचा महिना होता. सिद्धूचा वाडा, म्हणजे नात्यागोत्यातली बिऱ्हाडं आणि त्यांची मेंढरं, हंबीररावांच्या रानात बसला होता. ऊस तुटून गेला की रानात मेंढरं बसवायची, लेंडीखतानं रान पोसायचं आणि बदल्यात धनगराला धान्य द्यायचं, अशी जुनी रीत. त्याच रानात घोंगडीच्या आडोशाला तानुबाईला मुलगी झाली. अमृतच्या पाठीवरची.

मुलगी झाली आणि तानुबाईला तापानं धरलं. अंग तव्यासारखं तापलं, पान्हा आटला. वाड्यातल्या आप्पासोच्या बायकोनं सकाळीच शेळीचं दूध उकळून, पाणी घालून गाडग्यात झाकून ठेवलं होतं. तेच कापसाच्या बोळ्यानं पाजायचं ठरलं. पण दुपारी अवकाळी पाऊस कोसळला. तीन दगडांच्या चुली विझल्या, सरपण भिजलं, काड्यांची पेटीसुद्धा भिजली. दूध गार पडलं. गार दूध तान्ह्याच्या पोटात गोठतं आणि पोर हातचं जातं, हे तानुबाईनं लहानपणापासून ऐकलेलं. पुरुष मेंढरांमागं गुंतले होते. ती तापातच उठली, मुलीला पोटाशी धरलं, गाडगं घोंगडीखाली घेतलं आणि हंबीररावांच्या परसदारी जाऊन उभी राहिली.

आत चूल पेटलेली होती. ढणढणता जाळ तिला दारातून दिसत होता.

"आईसाब, एवढं दूध कोमट करून द्या. चुलीच्या कडंला नुसतं ठेवा," ती म्हणाली.

मनुबाई तोंडाची वाईट नव्हती, असं गाव म्हणायचं. पण त्याच आठवड्यात तिची म्हैस व्याली होती. नव्या व्यालेल्या म्हशीचं पहिलं दूध देवाला जाईपर्यंत परक्या जनावराचं दूध चुलीवर चढवायचं नाही, चढवलं तर म्हैस पान्हा चोरते, अशी त्या घरची रीत. तानुबाईनं काकुळतीला येऊन तिचा हात धरला. मनुबाईनं तो सोडवून घेतला.

"तुझ्या शेळीचं दूध माझ्या चुलीवर न्हाई चढायचं."

"मग एक निखारा तरी द्या. लेकरू हाय वो."

"निखाराबी भाईर जात न्हाई सध्या." दार लोटता लोटता मनुबाई पुढं बोलली, "गारच पाज. धनगराच्या पोराला काय हुतंय."

मुलगी उपाशी किती ठेवणार? तानुबाईनं गारच पाजलं. दुसऱ्या दिवशी मुलीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि सांज व्हायच्या आत ती गेली. सिद्धूनं तिला त्याच रानाच्या कोपऱ्यात बांधाखाली पुरलं आणि वाडा पुढं निघाला. तेव्हापासून दरवर्षी मेंढरं वेगवेगळ्या रानांत बसली, पोरं झाली, पोरांची लग्नं झाली. तानुबाईनं कुणापाशी तक्रार केली नाही. राग तिनं बियाण्यासारखा राखेत घालून ठेवला होता, कीड लागू नये म्हणून.

माधवनगरात आल्यावर ती बाळ-बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालायचं काम करायला लागली. तिच्या हाताला चांगलं वळण होतं. तिच्या हाताखाली पोरं रडायची थांबत. गौरी-गणपती उरकले आणि एका घरी तिनं ऐकलं, की कृष्णाकाठच्या हंबीररावांच्या बंगल्यात दिवसभर पोर सांभाळायला बाई पाहिजे. हंबीरराव कधीच वारले होते. नातू शिवतेज फौजेत, सीमेवर. नातसून दीपमाला सांगलीला बँकेत, तिची सुट्टी संपत आलेली. मधली पिढी घरात कुणी उरली नव्हती. आणि मनुबाई? मनुबाई होती. खुब्याचं हाड मोडून कॉटवर पडलेली, पण होती.

दुसऱ्याच दिवशी तानुबाई वडापमध्ये बसली.

बंगला नवा होता. जुनं परसदार, चूल, गोठा काही उरलं नव्हतं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी कॉटवर मनुबाई होती, वाळल्या शेंगेसारखी. डोळ्यांवर पडदा आलेला.

"कुठली गं तू?" तिनं विचारलं.

"माणातली."

"धनगर व्हय?"

"व्हय, आईसाब."

मनुबाईनं मान खिडकीकडं वळवली. मग म्हणाली, "पोराला दूध गार देऊ नगंस. एवढं एक पाळ, बाकी तुझं तू बघ."

तानुबाईच्या मस्तकात कळ गेली. धनगराच्या पोराला गार चालत होतं, आणि स्वतःच्या पणतवंडाला कोमट पाहिजे. तिनं मान खाली घातली आणि पोराला मांडीवर घेतलं.

घरात रोजचा वाद होता तो याच एका गोष्टीवरून. दीपमाला सकाळी पंपानं दूध काढायची, बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवायची आणि स्कूटीवरून सांगलीला जायची. पहिल्याच दिवशी तिनं तानुबाईला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "मावशी, कोमट पाण्यात बाटली धरली तरी चालेल, नाही धरली तरी चालेल. मी वाचलंय मोबाईलवर. पण आजींना नका सांगू, त्या घर डोक्यावर घेतात."

"न्हाई धरली तरी चालतंय?"

"चालतं. शेगडीवर उकळू मात्र नका, त्यातलं सत्त्व जातं."

तानुबाईचा यावर विश्वास बसला नाही. मोबाईलमध्ये काय, काहीही लिहितात. पण तिला त्यात एक सोय दिसली. ज्या गोष्टीसाठी ती आली होती तिला आता पोराच्या आईनंच परवानगी दिली होती. उद्या पोराचं काही बरंवाईट झालं, तर बोट आईकडं जाईल, मोबाईलकडं जाईल. आणि मनुबाईला कळेल. तिला काय कळायचं ते तानुबाई स्वतः तिच्या कानात सांगणार होती. घासाला घास, पोराला पोर.

दीपमालाची स्कूटी फाटकाबाहेर गेली. तानुबाईनं फ्रिज उघडला, बाटली काढली. हाताला बर्फासारखी लागली. वर सायीसारखा थर धरला होता, तिनं तो हलवून मोडला.

पुढच्या खोलीतून मनुबाईचा आवाज आला. "तापवलंस का गं?"

"व्हय आईसाब. कोमट केलंय."

तिनं पोराच्या तोंडात बाटली दिली. पोरानं पहिल्या घोटाला डोळे मोठे केले, मग दोन्ही मुठी आवळून असं ओढायला लागलं, की बाटली रिकामी होईपर्यंत थांबलं नाही. ढेकर दिली आणि झोपलं. तानुबाई त्याच्या पोटावर हात ठेवून बसून राहिली. पोट मऊ होतं. दुपारनंतर पुन्हा गार बाटली, पुन्हा हात. पोट मऊच.

असं रोज चाललं. महिना गेला. पोराचं पोट फुगलं नाही, पोर काळंनिळं पडलं नाही. त्यानं बाळसं धरलं. मांड्यांना वळ्या पडल्या, गाल लोंबायला लागले. आल्यागेल्या बाया म्हणायच्या, "तानुबाईचा हातगुण चांगला हं." तानुबाईला ते थोबाडीत मारल्यासारखं लागायचं. गार दूधसुद्धा बंगल्याकडं बघून पोटात जातं का? तिच्या मुलीच्या पोटात ते गोठलं, आणि याच्या अंगी लागतंय? माणसं घर बघून वागतात हे तिला ठाऊक होतं. दूधही घर बघतं, हे नव्यानं कळत होतं. ती पोराला न्हाऊ घालताना त्याच्याकडं टक लावून बघायची, आणि पोर तिच्याकडं बघून हसायचं. तेवढ्यानं तिचा राग अजून वाढायचा.

दिवाळी झाल्यावर पोराला लस टोचायला सांगलीला न्यायचं होतं. तानुबाई बरोबर गेली. मुलांचे डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलणारे. सुई टोचून झाल्यावर दीपमालानं घरचं भांडण त्यांच्यापुढं ठेवलं.

"डॉक्टर, तुम्हीच सांगा. दूध गार दिलं तर चालतं की नाही? आमच्या आजी म्हणतात, पोर मरेल."

डॉक्टर हसले. "तुमच्याच आजी नाहीत, सगळ्यांच्याच म्हणतात. द्या गार. कोमट बाळाला आवडतं, म्हणून आपण करतो. गरजेचं असं काही नाही. दूध चांगलं पाहिजे, भांडं स्वच्छ पाहिजे. गार दुधानं बाळ दगावत नाही."

तानुबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. ती मध्येच बोलली.

"साहेब, जल्मून एक-दोन दिस झाल्यालं असलं तर?"

"तरी नाही."

"मग पोट फुगून जातंय ते कशानं?"

"कधीची गोष्ट म्हणताय?"

"लय मागची. आमच्यातलीच एक बाई. दूध सकाळी उकळल्यालं हुतं, पर गार झाल्यालं."

"बाईला ताप होता का हो, बाळंतपणात?"

"हुता. अंग भाजत हुतं."

"मग तेच," डॉक्टर म्हणाले. "बाळंतरोगाचा ताप. आईच्या अंगातले जंतू बाळाच्या अंगात गेले असणार. एवढ्याशा जिवाला ते सोसत नाही, पोट फुगतं. तेव्हा कुणी दवाखान्यात नेलं असतं तर कदाचित... पण दूध गरम केलं असतं तरी ते बाळ राहिलं नसतं, मावशी. त्या बाईला सांगा, दुधाचा दोष नव्हता."

"सांगते," तानुबाई म्हणाली.

परतीच्या रिक्षात पोर दीपमालाच्या मांडीवर कण्हत होतं. तानुबाई बाहेर बघत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस तुऱ्यावर आला होता. दुधाचा दोष नव्हता. म्हणजे मनुबाईचा नव्हता. मग कुणाचा? जिचं अंग भाजत होतं तिचा? जिनं त्या भाजत्या अंगाशी मुलीला रात्रंदिवस धरून ठेवलं, तिचा? इतकी वर्षं तिनं एका दारावर डोळा ठेवला होता, आणि आता म्हातारा डॉक्टर म्हणत होता, ते दार उघडलं असतं तरी काही झालं नसतं. तानुबाईनं तो विचार मनाच्या उंबऱ्यावरच अडवला. आत आला असता तर तिला उभं राहायला जागा उरली नसती. दार लोटलं होतं, हे खरं होतं. बोललेला शब्द खरा होता. तेवढं तिला पुरेसं होतं.

"आता घरी गेल्यावर सांगतेच आजींना," दीपमाला खुशीत म्हणाली. "प्रत्यक्ष डॉक्टरांनी सांगितलं म्हटल्यावर काय बोलतील?"

तानुबाईनं मान वळवली. तिला एकाएकी सगळं लख्ख दिसलं. ही पोरगी घरी जाऊन सांगणार, आणि मनुबाई मोकळी होणार. काही न करता, कॉटवर पडल्या पडल्या.

"नगा सांगू, ताई," ती म्हणाली.

"का?"

"म्हातारं माणूस. एकच गोष्ट धरून बसल्यात, तीबी काढून घेतल्यावर त्यांच्यापाशी काय ऱ्हातंय? त्यांचं काळीज नाजूक झालंय. मी त्यांच्यासमोर पाण्यात बाटली धरत जाते. पोराला काय, गार काय नि कोमट काय. त्यांना तेवढंच समाधान."

दीपमालाचे डोळे भरून आले. "मावशी, किती समजूतदार आहात तुम्ही. हे माझ्या डोक्यातच आलं नसतं."

"तुमी ल्हान हाय अजून," तानुबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं स्वयंपाकघर सोडलं. गरम पाण्याचं पातेलं घेऊन ती मनुबाईच्या कॉटपाशी बसायला लागली. बाटली पाण्यात धरायची, एक थेंब मनगटावर टाकायची, आणि मग सावकाश बोलायची.

"आता झालं बघा. गार दिलं आस्तं, तर पोर हातचं गेलं आस्तं."

"व्हय गं," मनुबाई म्हणायची.

"पोट कसं फुगतंय म्हाईत हाय का तुमाला? हात लावला तर दगडावाणी लागतंय. रडायला जातंय, पर आवाज फुटत न्हाई. नुसतं तोंड उघडतंय."

मनुबाई बोटांनी चादर चुरगाळत राहायची. संध्याकाळच्या बाटलीला तानुबाई पुन्हा तेच सांगायची, कधी नखं निळी कशी पडतात ते, कधी डोळे कसे वर जातात ते. मनुबाई जेवण कमी करायला लागली. दुपारची झोप गेली. दीपमालाला वाटलं, थंडीनं असेल.

एक दिवस मनुबाईनंच विचारलं, "तुला एवढं कुणी सांगितलं?"

"बघितलंय."

"कुठं?"

"हितंच. तुमच्या रानात."

खोलीत पोराच्या दूध ओढण्याचा आवाज येत राहिला. मनुबाईनं मान वळवली. तिला दिसत काही नव्हतं, तरी तिनं डोळे तानुबाईवर लावले.

"मी निखारा मागितला हुता," तानुबाई म्हणाली. "तुमी दार लोटलं. म्हणालासा, गारच पाज. धनगराच्या पोराला काय हुतंय."

मनुबाईनं आरडाओरड केली नाही, कुणाला हाक मारली नाही. तिच्या सुकलेल्या ओठांतून एवढंच आलं, "ती तू."

"ती मी."

"वाडा गेल्यावर मला कळलं. पोरगी हुती, व्हय का? मी त्या कोपऱ्यात ऊस लावू दिला न्हाई कवा. आमचे मालक लय भांडले. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे मोकळा." तिनं चादर छातीपर्यंत ओढली. "म्हैस गाभडली पुढच्या साली. मला वाटलं, फेड झाली. पर फेड तेवढ्यानं हुती का?"

तो कोपरा मोकळा आहे, हे तानुबाईला ठाऊक नव्हतं. वडापमधून जाता-येता तिनं त्या रानाकडं कधी बघितलंच नव्हतं. क्षणभर तिच्या छातीत काहीतरी सैल झालं. तिनं ते लगेच आवळून धरलं.

मनुबाईनं हात पुढं केला. चाचपडत तिनं तानुबाईचं मनगट धरलं.

"माफ कर म्हनत न्हाई मी. तसलं तोंड न्हाई मला. एकच सांग. त्या दिशी तू माझा हात धरलास, तवा तुझा हात भाजत हुता. अजून ध्यानात हाय माझ्या. मी कवाकवा म्हनते, त्या तापानंच गेली आसंल का पोरगी? गार दुधानं न्हाई, त्या तापानं. तू जातीस की दीपासंगं डाक्टरकडं. त्याला इचारशील का गं?"

पोर बाटली संपवून चुकचुकत होतं. तानुबाईनं बाटली त्याच्या तोंडातून काढली, पाटावर ठेवली, त्याला खांद्यावर घेतलं.

"इचारलंय," ती म्हणाली.

मनुबाईच्या बोटांत एवढा जोर कुठून आला, देव जाणे. "काय म्हनला?"

तानुबाईनं पोराच्या पाठीवर थापटलं. त्यानं ढेकर दिली. मग ती वाकली, मनुबाईच्या कानाशी तोंड नेलं आणि शांतपणे, एकेक शब्द मोजून बोलली.

"म्हनला, गार दुधानंच गेली. कोमट आस्तं तर जगली आस्ती. आज लेकुरवाळी आस्ती, म्हनला."

मनुबाईचा हात मनगटावरून गळून पडला. तिनं तोंड भिंतीकडं केलं.

त्या दिवशी तानुबाई घरी जाऊन दोन भाकरी जेवली आणि गाढ झोपली. सिद्धूनं विचारलं, "आज काय इशेष?" ती म्हणाली, "काय न्हाई. काम झालं."

मनुबाई त्यानंतर फार बोलली नाही. दीपमालानं डॉक्टर आणले, सलाईन लावलं, शिवतेजला फोन केला. तो रजा काढून निघाला. मनुबाई अन्नाला शिवत नव्हती. दीपमाला पेज घेऊन बसली की मान हलवायची. मध्येच कधी शुद्धीवर आली तर एकच विचारायची, "पोराचं दूध तापवलंस का?" तानुबाई तिथंच असायची. ती दरवेळी म्हणायची, "व्हय आईसाब. तापवलं." आणि फ्रिजमधली गार बाटली पोराच्या तोंडात द्यायची.

मनुबाई दोन हजार तेवीस सालच्या मार्गशीर्षात, दुसऱ्या गुरुवारी दुपारी वारली.